घरमालकाची बाजू

माळशिरससारख्या तालुक्याच्या ठिकाणी घरमालक म्हणजे कोणी धनाढ्य जमीनदार नव्हे. निवृत्तिवेतनाच्या पुंजीतून वरचा मजला चढवून, बदलीवर आलेल्या शिक्षकास वा तलाठ्यास दोन खोल्या देणारा, आणि त्या भाड्यातून आपल्या औषधपाण्याचा खर्च भागवू पाहणारा तो बहुधा सामान्य गृहस्थ असतो. व्यवहार बव्हंशी तोंडी, विश्वासावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमाने मात्र करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर टाकली आहे; तो नोंदविला नाही, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुद्रांकावरील अकरा महिन्यांच्या साध्या, न नोंदविलेल्या करारावर निश्चिंत राहणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असेल? शिवाय भाडे थकले, तरी मालकाची घरपट्टी थांबत नाही. भाडेकरूस संरक्षण हवेच, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यामागील कळकळ मला पूर्ण मान्य आहे. परंतु नोंदणीची सक्ती करणाऱ्या सरकारनेच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अशा लहान मालकांचा दस्त विनामूल्य लिहून देणारा कारकून नेमावा, ही मागणी मी आग्रहपूर्वक मांडतो.