दुसरा प्रश्न

संध्याकाळी तुम्ही शाळेतून घरी येता. दप्तर खाली ठेवता ठेवताच घरातील कोणीतरी विचारते, "कशी झाली आजची शाळा?" तुम्ही म्हणता, "बरी झाली." विचारणाऱ्याचे समाधान होते, तुमचीही सुटका होते आणि संभाषण तेथेच संपते. वास्तविक त्या दिवशी शाळेत काय काय घडलेले असते! गणिताच्या तासाला खिडकीत वानर येऊन बसलेले असते. जिवलग मित्राशी क्षुल्लक कारणावरून अबोला झालेला असतो. पाठ केलेली कविता ऐन वेळी न आठवल्याने डोळ्यांत पाणी उभे राहिलेले असते. पण 'बरी' या दोन अक्षरांखाली हे सारे झाकले जाते.

मुलांनो, याचा दोष मी तुम्हांला देणार नाही आणि तुमच्या आईवडिलांनाही देणार नाही. पहिला प्रश्न बहुधा असाच असतो. वाटेत कोणी भेटले की "काय, बरे आहे ना?" असे आपण विचारतो. तो नमस्काराचाच एक प्रकार होय, आणि त्याचे उत्तरही नमस्काराइतकेच ठरलेले असते. त्यात वाईट काही नाही. माझे म्हणणे आहे ते दुसऱ्या प्रश्नाविषयी. पहिला प्रश्न कोणालाही विचारता येतो, कारण तो आपण घरूनच तयार करून आणलेला असतो. दुसरा प्रश्न मात्र समोरच्या माणसाच्या उत्तरातून जन्माला येतो. ज्याने ते उत्तर नीट ऐकले, त्यालाच तो सुचतो. पहिल्या प्रश्नाने तोंडओळख होते. माणसाची खरी ओळख, माझ्या मते, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

समजा, सुटीत तुम्ही मामांकडे गेलात आणि मामा म्हणाले, "यंदा गव्हाऐवजी हरभरा पेरला." यावर "हो का?" म्हणून गप्प बसणारा भाचा वेगळा आणि "असे का केले, मामा?" म्हणून विचारणारा भाचा वेगळा. या दुसऱ्या भाच्याला मामा सारे सांगतील : पाऊस किती झाला, विहिरीला पाणी किती उरले, हरभऱ्याला गव्हापेक्षा कमी पाणी कसे पुरते. सांगता सांगता बहुधा ते त्याला शेतावरही घेऊन जातील. मामा तेच, परंतु एका भाच्याला ते भेटले, दुसऱ्याला केवळ दिसले.

थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या बालपणातील एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म 1896 सालचा. आईवडील लवकर गेल्यामुळे ते मुंबईत खेतवाडीला मामांच्या घरी वाढले. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने एकदा छऱ्याच्या बंदुकीने एक पाखरू पाडले. दिसायला ते चिमणीसारखे, पण त्याच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, असे त्याने मामांना विचारले. मामांना सांगता येईना. परंतु त्यांनी "असेल काहीतरी" असे म्हणून मुलाला वाटेला लावले नाही. ते 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेचे सभासद होते. तेथील चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्याला त्या पाखरासह तिकडे पाठवले. ते दिवस इंग्रजी राज्याचे. गोऱ्या साहेबासमोर एकट्याने जायचे, म्हणून मुलाच्या मनात धाकधूक होती. मिलार्डसाहेबांनी पाखरू पाहिले आणि त्याचे नाव सांगितले. काम झाले होते. येथेच भेट संपली असती तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण त्यांनी मुलाला हाताशी धरून संस्थेतील पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले आणि पुढे वाचायला पुस्तकेही दिली. पुढे साऱ्या जगाने मान्य केलेल्या सालिम अलींची वाट त्या दिवशी सुरू झाली. 1985 साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याला नावही त्या पाखराचेच दिले : 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. एक भारतीय मुलगा आणि एक इंग्रज गृहस्थ यांना जोडणारा दुवा होता एका पाखराविषयीचा खराखुरा प्रश्न.

हे सारे मी आज सांगतो आहे. पण मला ते शहाणपण वेळेवर सुचले होते असे समजू नका. मला शिक्षकाची नोकरी लागून दोनच वर्षे झाली होती, त्या वेळची गोष्ट. साल 1984. जूनमध्ये नवा वर्ग सुरू झाला की हजेरीपटात माहिती भरावी लागे. मी खुर्चीवर बसून एकेका मुलाला उभे करीत होतो. नाव काय, गाव कोणते, वडील काय करतात. चाळीस-पंचेचाळीस मुले पटापट सांगून खाली बसली. एक मुलगा मात्र वडिलांच्या प्रश्नाला गप्प राहिला. मी पुन्हा विचारले. तो खाली मान घालून उभा. तिसऱ्यांदा मी आवाज चढवून म्हणालो, "अरे, वडील काय करतात तेही तुला ठाऊक नाही का?" वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो.

त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून घराबाहेर पडले होते. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. हे मला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्या एका पालकाकडून कळले. तोपर्यंत तो मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला होता. माझ्या तासाला तो एक अक्षर बोलत नसे. इतर शिक्षकांच्या तासाला बोलतो, असे ऐकून मला अधिकच लागले.

कार्तिकात एके दिवशी शाळेच्या आवाराची सफाई चालली होती. मुलांनी वडाखाली पाचोळ्याचा ढीग केला होता आणि एकजण काडी ओढणार, इतक्यात हा मुलगा धावत आला. "तिथे पेटवू नका, वर आग्या आहे!" मी वर पाहिले. उंच फांदीला आग्यामोहोळाचे मोठे पोळे लटकत होते; धूर लागला असता तर सारी शाळा पळत सुटली असती. मी त्याला विचारले, "आग्याच कशावरून?" तो म्हणाला, "एकच पोळे आहे, उघड्यावर आहे. सातेरीचे असे नसते." एरवी मी "शाबास" म्हणून पुढे गेलो असतो. त्या दिवशी मात्र मला खरोखरच ठाऊक नव्हते, म्हणून विचारले, "मग सातेरीचे कसे असते?" तो सांगू लागला. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात राहते. तिची पोळी एकापुढे एक अशी अनेक असतात. फुलोरी म्हणजे अगदी लहान माशी, ती झुडपात छोटेसे पोळे करते. मी पुढे विचारीत गेलो, तो सांगत गेला. पाचोळा तसाच राहिला. बोलण्याच्या ओघात तो म्हणाला, "मला हे बाबांनी दाखवले." आणि थोडे थांबून, "ते मध काढायला जायचे."

जूनमध्ये तीनदा दरडावूनही जे उत्तर मला मिळाले नव्हते, ते असे न विचारता माझ्यासमोर आले. हजेरीपटातील तो रकाना मी तरीही रिकामाच ठेवला.

आपल्या मराठीत विचारण्याचे किती प्रकार आहेत पाहा. पोलीस चौकशी करतात. वरिष्ठ जाब विचारतात. वकील उलटतपासणी घेतो. शेजारच्या घरात काय शिजते आहे ते उगाच खोदून खोदून विचारणाऱ्याला आपण भोचक म्हणतो. आणि आजाऱ्याजवळ बसून आपण करतो ती विचारपूस. यातील 'पूस' हा 'पुसणे' या धातूपासून आला. पुसणे म्हणजे विचारणे. आणि पुसणे म्हणजे डोळे पुसणेही. व्याकरणाचे पंडित सांगतील की हे दोन धातू मुळात निराळे आहेत, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही मराठीत ते एकाच रूपाने शेजारी शेजारी नांदतात, याचे मला नेहमी कौतुक वाटते. मी त्या जून महिन्यात चौकशी केली होती. वडाखाली मात्र, तसे मनात काही न योजता, माझ्या हातून विचारपूस झाली.

फरक शब्दांत नसतो. "एवढा उशीर का झाला?" हाच प्रश्न दारात उभी असलेली आई काळजीने विचारते आणि हातात छडी घेतलेला मास्तरही विचारतो. एकाला उत्तर हवे असते, दुसऱ्याला अपराधी हवा असतो. ऐकणाऱ्याला हे ताबडतोब कळते. तुम्हां मुलांना तर मोठ्या माणसांहूनही लवकर कळते.

म्हणून काही प्रश्न विचारू नयेत, असेही माझे मत आहे. नव्याने वर्गात आलेल्या मुलाला त्याची जात, त्याच्या वडिलांचा पगार, गेल्या परीक्षेतील गुण असले प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणारी मुले मी पाहिली आहेत. ही त्यांनी मोठ्या माणसांपासून उचललेली सवय. असल्या उत्तरांनी माणूस कळत नाही, त्याला कोणत्या पायरीवर बसवायचे तेवढेच ठरते. त्यापेक्षा तुझ्या गावच्या शाळेत मधल्या सुटीत कोणता खेळ खेळायचे, हे विचारावे. खेळ सांगताना त्याचे नियम सांगावे लागतात. नियम सांगताना वाद होतो. आणि वाद झाला की दुसऱ्या दिवशी तो खेळून पाहावा लागतो!

शिवाय विचारणाऱ्याला धीर हवा. प्रश्नोपनिषदात एक कथा आहे. सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे गेले. ऋषींनी त्यांना लगेच उत्तरे दिली नाहीत. ते म्हणाले, आधी एक वर्ष येथे श्रद्धेने राहा, मग हवे ते विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सर्व सांगू. 'ठाऊक असेल तर' हे त्या ज्ञानी पुरुषाचे शब्द मला फार आवडतात. पण त्याहून मला ते वर्ष महत्त्वाचे वाटते. वर्षभर एकत्र राहिल्यावर जो प्रश्न विचारला जातो, तो पहिल्या दिवशीच्या प्रश्नासारखा नसतोच.

धीर हवा हे खरे. पण फार वाट पाहण्यातही धोका असतो, हे मला माझ्या आईने शिकवले. म्हणजे तिच्या जाण्याने शिकवले. माझ्या लहानपणी आमच्या घरी जाते होते. पहाटे जात्याची घरघर आणि आईचा आवाज यांनीच मला जाग येई. ती काय गात असे, ते मी कधी विचारले नाही. पुढे हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवां यांच्या कार्याविषयी मी वाचले. मुळशीसारख्या डोंगरी भागातील आणि पुढे इतरही खेड्यांतील बायांजवळ बसून, त्यांना विचारून विचारून, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. भावाच्या, लेकीच्या, सासुरवासाच्या, विठोबाच्या, त्याचप्रमाणे बाबासाहेब आंबेडकरांच्याही. शाळेची पायरी न चढलेल्या कित्येक बायांच्या मनात हे सारे भांडार होते. ते वाचून मी घरी आलो तेव्हा जाते माळ्यावर होते आणि आई जाऊन सहा वर्षे झाली होती. पाव शतक मी मुलांना मराठी कविता शिकवली; आणि माझ्याच घरातली कविता मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी हा पाठ उद्या वाचला तरी चालेल.

गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी दारावर थाप पडली. दार उघडले तर तोच वडाखालचा मुलगा. मुलगा कसला, केस पांढरे होऊ लागलेला गृहस्थ! माझ्या पाया पडून तो बसला. पाणी, चहा झाला. मग त्याने विचारले, "गुरुजी, आता दिवस कसा जातो?"

"वाचतो थोडेफार," मी म्हणालो, "आणि अंगणातल्या चार झाडांना पाणी घालतो. झाले."

"कोणती चार?" त्याने विचारले.

मी बोटे मोजू लागलो. पारिजातक, लिंबू, कढीलिंब; चौथ्याचे नाव मला सांगता येईना. पाखराने टाकलेल्या बीतून ते आपोआप उगवले होते आणि दोन वर्षे मी त्याला पाणी घालीत होतो. तो हातातील कप खाली ठेवून उठला आणि आम्ही दोघे ते झाड पाहायला अंगणात गेलो.