काढून टाका साहेब, काही फरक पडत नाही

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याला शोधून काढून एकदा आमच्या पद्मिनीत मागच्या सीटवर बसवायचं आहे. जुलैच्या पावसात, नेरळ-कळंब रस्त्यावर, समोरून टेम्पो येत असताना.

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

गाडी बाबांची. १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबा गेले, गाडी राहिली. कळंबला आमचं जुनं घर आहे (फार्महाऊस म्हणू नका, आई चिडते), त्यामुळे महिन्यातून दोन शनिवार ठाणे-बदलापूर-नेरळ-कळंब अशी आमची वारी असते. गेल्या मे महिन्यात पुढच्या बाजूने टकटक यायला लागली. खड्ड्यात चाक गेलं की टक. शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री पाच मिनिटं खाली सरकला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "स्टॅबिलायझरचे बुश गेलेत. आता कुठे मिळतात ते? काढून टाका साहेब, काही फरक पडत नाही. टॅक्सीवाले कुठे ठेवतात?"

आणि मी काय म्हणालो? "बरं."

दिवसभर ऑफिसात ज्युनियर पोरांना रिकाम्या कॅच ब्लॉकवरून झापणारा मी. एरर आली तर ती गिळून टाकायची नसते, तिचं कारण शोधायचं असतं, वगैरे वगैरे. आणि इथे चक्क एरर सांगणारा भागच काढून दिला! टकटक बंद झाली. मी खूश.

आता हा दांडा करतो काय ते सांगतो, कारण बहुतेकांना (मलाही तेव्हा) ते माहीत नसतं. अँटी-रोल बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा, इंग्रजी यू सारखा वाकवलेला एक दांडा. मधला भाग दोन रबरी बुशांमधून गाडीच्या अंगाला धरलेला, दोन टोकं डाव्या-उजव्या चाकांच्या आर्मला. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे स्पीडब्रेकरवर, तर तो बुशांमध्ये नुसता फिरतो, काहीच करत नाही. पण वळणावर गाडी कलते, एका बाजूची स्प्रिंग दबते, दुसरीकडची सुटते, तेव्हा तो पिळला जातो आणि कलणं अडवतो. बस, एवढंच काम. सरळ रस्त्यावर त्याचं अस्तित्व जाणवत नाही. म्हणूनच "फरक पडत नाही" हे वाक्य गॅरेजपासून घरापर्यंत अगदी खरं वाटतं.

पण गोष्ट फक्त कलण्याची नाही. पुढचा आणि मागचा भाग कलण्याला किती विरोध करतात, या वाटणीवर गाडी वळणात कशी वागेल ते ठरतं. पुढचा दांडा काढला की पुढचं टोक मऊ पडतं आणि मागच्या बाजूवर जास्त भार येतो. पद्मिनीत इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे. फियाटच्या मूळ ११०० मधून आलेला हा हिशोब इटलीतल्या इंजिनियरांनी १९५० च्या दशकात बसून जुळवला होता, तो आपण एका पान्याने मोडतो. परिणाम? गाडीचं शेपूट सुटायला लागतं.

ते जुलैमध्ये कळलं. पोशीरच्या पुढे, संध्याकाळी, रस्ता ओला. वेग पन्नासच्या आतबाहेर. समोरचा टेम्पो खड्डा चुकवायला माझ्या बाजूला आला. मी डावीकडे स्टिअरिंग मारलं, मग लगेच उजवीकडे. पहिल्या झटक्याला गाडी कलली. दुसऱ्याला, ती अजून सावरलेली नसतानाच, उलट्या बाजूला त्याहून जास्त कलली आणि मागून गेली. मागचं चाक साइडपट्टीच्या चिखलात रुतलं, त्यापुढे भाताचं खाचर. आई मागे होती. पद्मिनीत मागे पट्टे नाहीत. ती दारावर आपटली, खांदा काळानिळा झाला. बाकी काही नाही. "तुझे बाबा असे चालवत नव्हते," एवढंच म्हणाली.

बाबांच्या गाडीला तो दांडा होता, आई.

डावी-उजवी हुलकावणी हीच या प्रकरणातली खरी परीक्षा. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने हीच चाचणी घेताना मर्सिडीजची कोरी करकरीत ए-क्लास उलटली होती. कंपनीला गाड्या देणं थांबवून सस्पेन्शन बदलावं लागलं, ईएसपी सरसकट बसवावं लागलं. मर्सिडीजची ही गत, तर आपण दांडा काढलेल्या पद्मिनीचं काय घेऊन बसलात?

आता टॅक्सीवाल्यांचा दाखला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्यांच्यातल्या कितींचे दांडे काढलेले होते देव जाणे. पण सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीचा नियम मुरबाड रस्त्याला कसा लावता?

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, तो मान्य करतो. मित्र म्हणतात, आपल्याकडचे रस्ते बघ, एक चाक खड्ड्यात गेलं की दांडा तो धक्का दुसऱ्या चाकाकडेही नेतो, काढला तर गाडी मऊ चालते. खरं आहे. डोंगरात जीप घालणारे याचसाठी तो सोडवतात. पण जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तो बटणाने सुटतो आणि वेग वाढला की गाडी स्वतःच परत जोडून घेते. म्हणजे ज्यांनी सोडवायची सोय दिली त्यांनाही तो वेगात सुटलेला नको आहे! तुमच्या पद्मिनीत असं बटण आहे का? :-)

उलट दिशेची हौसही आहे, जाड दांडा बसवायची. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १६ मिमीचा १८ केला तर सुमारे ६० टक्के जास्त. चाळीस वर्षांच्या गंजक्या पत्र्यात त्याचे क्लॅम्प किती दिवस टिकतील याचा विचार करा. असो.

मला खरा राग येतो तो रॅलीत भेटणाऱ्या लोकांचा. हबकॅप ओरिजिनल हवी, ग्रिलवरचं अक्षर ओरिजिनल हवं, त्यासाठी वर्षभर भंगार बाजार पालथा घालतील. खालचा दांडा गायब. आरसी बुकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, रंगसुद्धा असतो, दांड्याला रकाना नाही. फोटोत दिसत नाही. मग कशाला? अहो, तीच तर गाडी आहे! क्रोम म्हणजे गाडी नव्हे.

मिस्त्रीने माझा दांडा भंगारात दिला होता. दुसरा मिळाला कुर्ल्यात, जिथे या गाड्या बनल्या तिथेच. सरळ आहे का, टोकांना तडे आहेत का, हे पाहून घेतला. आणि ते "न मिळणारे" बुश? मापाचा साधा रबरी बुश मिळाला, तोही त्या दिवशीच्या आमच्या जेवणाच्या बिलापेक्षा स्वस्तात. ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. एकाच बाजूची लिंक तुटली असेल तर दुसरीच्या भरवशावर राहू नका, एका टोकाने सुटलेला दांडा काहीच करत नाही, वर लोंबून चाकाला लागू शकतो. आणि नट शेवटचे आवळायचे ते गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावर.

कळंबच्या अंगणात शेजारच्या दादांच्या मदतीने अर्धा दिवस गेला. संध्याकाळी आई म्हणाली, चल, म्हसा रस्त्यापर्यंत एक फेरी मारू. या वेळी पुढे बसली. पट्टा लावून.

पुढच्या शनिवारी परत खाली शिरून नट तपासायचे आहेत.