शस्त्रवैद्य आणि यंत्रमानव

महानगरांतील इस्पितळांच्या जाहिरातींतून 'रोबोटिक सर्जरी' हे शब्द आता वर्ध्यापर्यंत येऊन पोचले आहेत. शहराला लागूनच असलेल्या नालवाडीचा एखादा गृहस्थ उपचारासाठी मोठ्या शहरी जातो, तेव्हा त्याच्यापुढे हा पर्याय व त्यासोबत खर्चाचा वाढीव आकडा ठेवला जाण्याचा संभव असतो. त्या घटकेस त्याने काय विचारावे, याची चर्चा आधी व्हावी, हे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा यंत्रमानव आपण होऊन शस्त्र चालवीत नाही. रुग्णापासून काही अंतरावर बसलेला शस्त्रवैद्य पोटातील भाग मोठा व सखोल पाहतो, हातांतील मुठी फिरवितो, आणि त्या हालचाली यंत्राचे बाहू सूक्ष्म प्रमाणात करतात. हाताचा कंप यंत्र गाळून टाकते. त्याची मनगटे अरुंद जागीही वळतात. मात्र बहुतेक यंत्रांत बोटांना ऊतकाचा स्पर्श कळत नाही. सारांश, कौशल्य वा अकौशल्य दोन्ही माणसाचीच.

लाभ खोटे नाहीत. मूत्राशयाच्या कर्करोगावर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत यंत्रसाहाय्याने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत जखमेचे विकार आणि रक्ताच्या गुठळ्या कमी आढळल्या. पण पौरुषग्रंथीच्या शस्त्रक्रियेत, २०१६ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या निष्कर्षाप्रमाणे, बाराव्या आठवड्यास मूत्रनियंत्रणाच्या बाबतीत यंत्राची व उघडी पद्धत यांत फरक दिसला नाही. याहून गंभीर गोष्ट २०१८ ची. गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक कर्करोगाच्या ६३१ स्त्रियांची दोन गटांत तुलना झाली. एका गटावर दुर्बिणीने वा यंत्रमानवाच्या साहाय्याने, दुसऱ्यावर पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८६ टक्के, तर दुसऱ्यात ९६.५ टक्के भरले. लहान छेद, लवकर घरी, आणि रोग मात्र परत! ज्या स्त्रीला हे सांगितलेच गेले नाही, तिच्या संमतीला संमती म्हणावे काय?

गांधीजींच्या या जिल्ह्यात यंत्राचा विषय निघाला की त्यांना यंत्रद्वेष्टे ठरविण्याची घाई होते. विनोबांनी १९३२ पासून नालवाडीत राहून सूतकताईवर गुजराण करण्याचा प्रयोग केला, त्यालाही काहींनी हटवाद म्हटले. वस्तुतः शिवणयंत्रासारख्या, माणसाचे श्रम हलके करणाऱ्या यंत्राला गांधीजींनी १९२४ सालीच मान्यता दिली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे आंत्रपुच्छ काढले. मध्येच वीज गेली, आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. 'हिंद स्वराज्या'त डॉक्टरांवर कठोर टीका करणाऱ्या त्या पुरुषाला त्या रात्री मॅडॉक यांच्या हातांचाच आधार होता.

आजचे यंत्रही मध्येच अडू शकते. तसे झाल्यास ते बाजूला सारून प्रसंगी पोट उघडावे लागते. म्हणून उमेदवार शस्त्रवैद्यांचा सगळा सराव मुठींवरच होऊन उघड्या शस्त्रक्रियेचा हात सुटला, तर ते परवडणारे नाही. सरकारी रुग्णालयांच्या बाबतीत आमचे मत याहून स्पष्ट आहे. जेथे भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे, साधी दुर्बीण नादुरुस्त आहे आणि रक्तासाठी नातेवाइकांना धावाधाव करावी लागते, तेथे करोडोंचे यंत्र आधी आणणे हा उफराटा हिशेब होय. यंत्राची हत्यारे ठराविक वापरानंतर बदलावी लागतात. तो आवर्ती खर्च कोणाच्या माथी, हेही खरेदीपूर्वी ठरले पाहिजे.

खाजगी इस्पितळांकडून आमची मागणी साधी आहे. संमतिपत्रावर उघड्या, दुर्बिणीच्या व यंत्रसाहाय्यित अशा तिन्ही पद्धतींचे दर, या विशिष्ट रोगात यंत्राचा कोणता लाभ सिद्ध झाला आहे, आणि त्या शस्त्रवैद्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे मराठीत लिहून द्यावे. रुग्णाने ते घरी नेऊन दोन दिवस विचार करावा.