लपणाऱ्यांची बाजू

लपतो तो भित्रा, दबा धरतो तो कपटी, असे आपण इतक्या सहज बोलून जातो की त्यात तपासण्यासारखे काही आहे हेच ध्यानात येत नाही. कोळ्याच्या वाट्याला तर दोन्ही शिव्या येतात. झाडू पाहून फटीत शिरला की भेकड, माशीवर झडप घातली की दगाबाज. हे दोन्ही आरोप मला साफ नामंजूर आहेत.

आधी भेकडपणाचे पाहू. सह्याद्रीतल्या पायवाटांच्या कडेला, मातीच्या उभ्या दरडीत, बिळाला झाकण लावून राहणारे कोळी असतात. झाकण माती आणि रेशमाचे, बिजागरी रेशमाची, वरून आजूबाजूचेच शेवाळ. हातभर अंतरावरूनही ते दिसत नाही. एका पावसाळ्यात मला असे झाकण सापडले आणि उत्सुकतेपोटी मी ते गवताच्या काडीने उचलू लागलो. जरासे उघडले, तोच आतून ओढून घेतले गेले. पुन्हा उचलले, पुन्हा ओढ. करंगळीच्या पेराएवढा जीव भिंतीला पाय रोवून दार धरून बसला होता. माझ्या हातातली काडी त्या दाराला पहारीसारखी होती. मला लाज वाटली, काडी टाकून दिली. याला भेकड म्हणायचे तर घर राखणाऱ्या सगळ्यांनाच म्हणावे लागेल.

पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ साली अशाच कोळ्यांच्या बिळांना क्रमांक देऊन नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यांतली १६ क्रमांकाची मादी एकाच बिळात ४३ वर्षे जगली. २०१६ मध्ये तिच्या झाकणाला भोक पडलेले आढळले. परजीवी गांधीलमाशी आत शिरली होती. चार दशके कोणी घाबरून काढत नाही. ती जागा तिची होती, आणि तिने ती सोडली नाही.

कपटाचा आक्षेप जास्त वजनदार, कारण तिथे खरोखर कोणीतरी मरते. एकदा सकाळी पूजेसाठी तगरीची फुले काढताना एका फुलाला सहावी पाकळी दिसली. वाकून पाहिले तर पांढराशुभ्र कोळी, पुढचे लांब पाय फाकून बसलेला, आणि त्याच्या तोंडाशी निपचित माशी. क्षणभर मलाही राग आला. पण कपटाला आधी दिलेला शब्द लागतो. कोळ्याने माशीला कोणता शब्द दिला होता? शिवाय तो लपला होता तो माझ्या डोळ्यांपासून; माशीच्या डोळ्यांचे मी कसे सांगू? ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका फुलकोळ्यावरचे संशोधन २००३ साली ‘नेचर’मध्ये आले. पांढऱ्या फुलावर तो आपल्याला दिसत नाही, पण त्याच्या अंगावरून अतिनील किरण परावर्तित होतात. मधमाशीला ते दिसतात, म्हणून तिच्या लेखी तो उठून दिसतो आणि ती त्याच फुलाकडे ओढली जाते. युरोपातून तिकडे नेलेल्या मधमाश्या अशा फसत. तिथल्या मूळच्या माश्या मात्र जवळ येऊनही कोळी असलेल्या फुलावर उतरायचे टाळत, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. त्यांची त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे.

मग लपणे म्हणजे काय? माझ्या मते, एखाद्या जागेवर सगळा भरवसा टाकणे. तोच पांढरा कोळी झेंडूवर ठेवा, क्षणात उघडा पडेल. रातवा पक्षी तर घरटेच बांधत नाही, जमिनीवर पाचोळ्यातच अंडी घालतो. पाचोळा पेटवला की सगळे संपले, आणि पेटवणारा प्रामाणिकपणे सांगतो की तिथे काहीच नव्हते.

जुन्नरकडच्या बातम्यांत बिबट्या नेहमी उसात ‘दबा धरून’ बसलेला असतो. बिबट्यांनी माणसे मारली आहेत; त्या घरांचे दुःख मी कमी लेखत नाही. पण त्याच उसात मादी पिल्ले दडवते, हेही तितकेच खरे. तोडणी सुरू झाली की ती उघडी पडतात. वनखात्याची माणसे पिल्ले तपासतात आणि संध्याकाळी, सापडली होती त्याच जागी, क्रेटखाली ठेवतात. ऊस गेलेला असतो, आडोसा उरलेला नसतो, सरीत नुसते पाचट. तरी अंधार पडल्यावर बहुतेकदा मादी येते, क्रेट उलथते आणि पिल्लू मानेला धरून पुढच्या उभ्या उसाकडे निघून जाते.