पाल्य की अपत्य?

दत्तक म्हटले की आपल्याला आठवतो तो वंशाचा दिवा आणि इस्टेटीचा वारस. मुलाला काय हवे, हे विचारतो कोण? १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली; पण मुसलमान, ख्रिस्ती, पारशी दांपत्यांच्या वाट्याला १८९० च्या कायद्याचे केवळ पालकत्व. मूल सज्ञान झाले की ते संपे, वारसाहक्कही नसे. बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. पाल्याचे अपत्य होण्याची वाट खुली झाली.

पुढे २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेले. हेतू विलंब टाळण्याचा. तो चांगलाच, बालगृहातल्या तान्ह्या मुलाला एकेक महिना मोलाचा. तरीही मला हे पटत नाही. पूर, निवडणुका, जमिनीचे तंटे यांच्या फायलींत एका मुलाचे आईबाप ठरवायचे? ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याच्यासाठी न्यायाधीशच हवा. न्यायालये तारखांवर तारखा देत असतील, तर दोन महिन्यांची मुदत त्यांच्याकडून कसोशीने पाळून घ्या. न्यायाला उशीर होतो म्हणून न्यायाधीशालाच वगळणे, हा उपाय नव्हे!