पेटीतला इतिहास रद्दीत जाऊ देऊ नका!

नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात परमपूज्य बाबासाहेबांच्या नित्य वापरातील वस्तू आहेत. त्यांचे कोट आहेत, हॅट आहेत, टंकलेखन यंत्र आहे. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेला हा ठेवा त्यांनी वामनराव गोडबोले यांच्या हाती सोपविला. हेच गोडबोले १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्यासाठी राबले होते. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात ज्या वस्तू आहेत, त्या माईसाहेबांनी दिल्या. म्हणजे हा ठेवा टिकला तो कोणा पुरातत्त्व खात्याच्या कृपेने नव्हे, तर माणसांनी तो घरात, पेट्यांत सांभाळला म्हणून.

पण श्रद्धेने कापड टिकत नाही. दमट हवा आणि कसर यांना बाबासाहेबांचा कोट आणि इतरांचा कोट यातला फरक कळत नाही. चिचोलीच्या वस्तूंवर शास्त्रीय प्रक्रिया करवून घ्यावी लागली ती याचसाठी. इंदू मिलच्या जागेवरील स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले, पुतळ्याच्या उंचीवर तावातावाने चर्चा झाल्या. पुतळ्याला आमचा विरोध नाही. पण पुतळ्याची उंची मोजणारे शासन कोटाला लागलेल्या कसरीची चौकशी कधी करते काय? आणि २०१६ च्या जून महिन्यात दादरचे आंबेडकर भवन रातोरात पाडले गेले, बुद्धभूषण प्रेसची वास्तू त्यात गेली, हे आम्ही विसरलेलो नाही. संतापाने मोर्चे निघाले, ते निघायलाच हवे होते.

आता आमच्याच घरांकडे पाहू. 'जनता'चे अंक, 'प्रबुद्ध भारत'चे अंक, समता सैनिक दलाचे बिल्ले, शाहिरांच्या हस्तलिखित गाण्यांच्या वह्या, दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या आजोबांचा फोटो, हे सारे पत्र्याच्या पेटीत पडून असते. घर बदलताना, वडील गेल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत (होय, आमच्याही घरी होते!) ती पेटी रद्दीवाल्याकडे जाते. मनुवाद्यांनी आमचा इतिहास दडपला, हे खरेच. पण किलोच्या भावाने विकला तो कोणी?

मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. १९८९ साली तो आला. तो झाला नसता, तर कितीतरी मायबहिणींची नावे त्यांच्याबरोबरच गेली असती. १९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्यातल्या किती जणींची नावे आज आपल्याला सांगता येतील? १९५६ साली जे वीस वर्षांचे होते, ते आज नव्वदीला टेकले आहेत. त्यांच्यासाठी आणखी दहा वर्षे थांबता येणार नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक विहारात काचेचे एक कपाट आणि एक नोंदवही असावी. वस्तू कोणाची, कोठून आली, कोणी दिली, हे त्यात लिहावे. ज्यांना मूळ वस्तू द्यायची नाही त्यांनी देऊ नये, तिचा फोटो काढू द्यावा. मालकी घरातच राहील. भाषणांना आलेली तरुण मुले मोबाईलवर नेत्यांचे चित्रीकरण करतात, त्यांनी एक रविवार वस्तीतल्या आजीसमोर बसून तिचे बोलणे टिपावे. कपाटाची किल्ली मात्र अध्यक्षाच्या खिशात नको. दर पौर्णिमेला ते उघडावे, शाळेच्या पोरांना दाखवावे. कुलुपात ठेवलेले संग्रहालय आणि माळ्यावरची पेटी यात फरक काय?

दोन गोष्टी तातडीच्या. जुना अंक जपण्यासाठी त्याला लॅमिनेशन करू नका, एकदा चिकटलेले प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. आणि फोटोच्या मागे गाव, साल आणि प्रत्येकाचे नाव, बायकांचेही, आजच लिहून काढा. तेही शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो.