शफल बंद करा, 'जोगवा' लावा

मंडळी, वीकेंड आहे, तेव्हा कामाचं काही नको, गाण्यांवर बोलू. आणि मराठी गाण्यांवर बोलायचं म्हटलं की माझी गाडी अजय-अतुलच्या स्टेशनात थांबतेच. इलाज नाही.

आजचा अल्बम 'जोगवा'. राजीव पाटील यांचा सिनेमा, २००९ सालचा. गीतं संजय कृष्णाजी पाटील यांची. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीतासाठी अजय-अतुल, गायनासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल, अभिनयासाठी उपेंद्र लिमये, असं सगळं एकाच सिनेमाकडे आलं. एवढं कौतुक झाल्यावर मी पामराने अजून काय लिहायचं?

तर तक्रार आहे. अल्बमबद्दल नाही, आपण तो ज्या पद्धतीने ऐकतो त्याबद्दल. ह्या गाण्यांचे आपण कप्पे करून टाकलेत. एक गाणं लग्नाच्या व्हिडिओत, एक गणपतीच्या मिरवणुकीत, एक रात्री झोप येत नसेल तेव्हा. ज्या गोष्टीसाठी ती बनली ती गोष्ट मात्र कुठल्याच कप्प्यात नाही.

आणि ती गोष्ट आमच्या भागातली आहे हो! सिनेमाला राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' ह्या कादंबऱ्यांचा आधार आहे, आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' कथेचा. चारुता सागर म्हणजे दिनकर भोसले, सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे. आमच्याकडे जतला मार्गशीर्षात यल्लमाची यात्रा भरते, पलीकडे कर्नाटकात सौंदत्तीचा डोंगर. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, कपाळभर हळद, अशा जोगतिणी आमच्याकडे एसटी स्टँडवरसुद्धा दिसतात. कुणी पाया पडतं, कुणी नजर चुकवतं, बहुतेक जण मोबाईल बघतात.

आता गाणी. क्रम माझा आहे, पण ह्या क्रमानेच ऐका.

१. मन रानात गेलं

श्रेया घोषालचं एकटीचं गाणं. अल्बममधलं हे सगळ्यात कमी वाजणारं, म्हणून मी पहिलं ठेवतो. ह्यात कुठे जोर लावलेला नाही. आवाज असा हलका सुटतो की वाटतं, मुलगी एकटीच आहे, आजूबाजूला कुणी नाही, आणि तिला कुणाची भीतीही नाही. एका पोरीचं मन पानाफुलांत भटकतंय, बस्स, एवढंच.

पुढचं सगळं समजायला हे आधी ऐकायला हवं. जोगतीण कुणी जन्मतः नसते. ती आधी अशीच रानात हिंडणारी कुणीतरी असते. मग एक दिवस केसात गुंता होतो. न विंचरलेले, नीट न धुतलेले केस एकमेकांत अडकतात, त्याची जट होते. घरचे म्हणतात, देवीचं बोलावणं आलं. गळ्यात लाल-पांढरे मणी पडतात आणि संपलं, आता तिचं लग्न देवाशी. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९मध्ये ज्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली, तिचे कार्यकर्ते घरोघरी समजूत घालून अशा जटा कापतात. दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात खून झाला. जटा कापणं अजून चालू आहे. कातरीचं काम पाच-दहा मिनिटांचं, समजूत घालायला महिने लागतात.

२. लल्लाटी भंडार

हे तुम्हाला माहीत आहेच. अजय गोगावलेचा आवाज, मागे कोरस, आणि चढत जाणारा ताल. हेडफोनवर ऐका, पण बसून ऐकून दाखवा! मेटलचे भक्त ज्याला हेडबँगिंग म्हणतात ते आमच्याकडे अंगात येण्याच्या नावाखाली फार पूर्वीपासून चालू आहे :-)

अजयचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा तो गोड राहत नाही, फाटायला येतो. मला तीच जागा सगळ्यात आवडते. देवीला हाक मारतोय की जाब विचारतोय, कळत नाही. कारण सिनेमात हे गाणं नाचणारा माणूस जोगता आहे. देवीच्या नावाने साडी नेसवलेला पुरुष. त्याला कुणी विचारलेलं नाही. तायप्पाच्या भूमिकेत उपेंद्र लिमये नाचतो तेव्हा भक्ती आणि कोंडी एकाच अंगात दिसते, आणि ताल जितका चढतो तितकी कोंडी वाढत जाते.

आता एक प्रसंग. मागे एका कंपनीच्या ॲन्युअल डेला (नाव नको) ह्या गाण्यावर ग्रुप डान्स बसवला होता. मधोमध एका मुलाला हसायला म्हणून साडी नेसवलेली. तो लचकत आला आणि अख्खं सभागृह खदखदून हसलं. शिट्ट्या वगैरे. मला नाचाचं काही वावडं नाही, असल्या तालावर नाचायचं नाही तर कशावर? पण ज्या साडीत एका माणसाचं आयुष्य अडकलं, तीच साडी आपण विनोदाला वापरली. हे गाणं नेमकं ज्यांच्यासाठी आहे, त्यांनाच आपण त्याच गाण्यावर हसलो.

३. जीव रंगला

हरिहरन आणि श्रेया. एक तमिळ घरातला, मुंबईत वाढलेला. दुसरी बंगाली, राजस्थानात वाढलेली. आणि दोघांच्या तोंडी पुस्तकी मराठी नाही, आमच्या गावाकडची बोली. तरी एक शब्द उपरा वाटत नाही. चाल संथ, वाद्यं पाठीमागे राहतात, आवाजांना श्वास घ्यायला जागा मिळते. अजय-अतुल म्हटलं की लोकांना ढोलच आठवतो, त्यांनी हे पुन्हा ऐकावं.

हे गाणं मी किती लग्नांत ऐकलं असेल? नवरीची एंट्री, प्री-वेडिंग शूट, स्लाइड शो... सगळीकडे. आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, ही की सिनेमात हे ज्या दोघांचं गाणं आहे त्यांना लग्न करायचीच परवानगी नाही. ती देवीला वाहिलेली, तो साडीतला जोगता. एकमेकांकडे बाई आणि पुरुष म्हणून बघणं हाच गुन्हा. हे ठाऊक असताना ऐकलं की तोच सूर वेगळा लागतो. गोडवा जात नाही, पण त्याच्या खाली भीती ऐकू यायला लागते. माझ्या मते म्हणूनच हे अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं आहे.

आता काही मित्र म्हणतील, "अरे, गाणं गाणं म्हणून ऐकू दे ना! कशाला त्यात समाजकार्य घुसवतोस?" ह्याच मित्रांना पिंक फ्लॉइडचा १९७९चा 'द वॉल' विचारा. रॉजर वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीत मारले गेले, त्यातून त्या अल्बमची गोष्ट कशी आली, हे रात्री दोन वाजता झोपेतसुद्धा सांगतील. शफलवर ऐकलं तर चिडतील. मी स्वतः त्यातलाच. मग इंग्लंडच्या अल्बमला जी इज्जत देतो ती जतच्या गोष्टीला का नाही?

जोगवा म्हणजे देवीच्या नावाने घरोघरी मागितलेली भिक्षा. संत एकनाथांनी त्याचं रूपक केलं, जोगव्यात ज्ञान मागितलं. थोर गोष्ट आहे. पण पुढे आपण रूपक तेवढं जपलं आणि दारात उभी असलेली बाई विसरलो. कायदे झाले: मुंबई प्रांतात १९३४ला, कर्नाटकात १९८२ला, महाराष्ट्रात पुन्हा २००५ला. एकाच प्रथेवर पुन्हा पुन्हा कायदा करावा लागतो, ह्यातच काय ते समजा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. नाचा, लग्नात वाजवा, मिरवणुकीत तर वाजवाच. फक्त एकदा, एखाद्या शनिवारी रात्री, शफल बंद करून ही तीन गाणी ओळीने ऐका. आधी रानातली मुलगी, मग भंडाऱ्यातला माणूस, मग ते दोघं. पंधरा-वीस मिनिटांचा मामला आहे. आणि पुढच्या खेपेला स्टँडवर परडी समोर आली, तर पैसे द्या किंवा देऊ नका, पण मोबाईलमधून मान वर करून चेहऱ्याकडे बघा.

चला, चहा गार झाला. उद्या सोमवार.